दोरिकाचं पोट

पाण्याच्या नळावर रोदानं दोरिकाचा झगा धरला आणि सगळ्या बायांसमोर वर ओढला.

"बगा गं, बगा डोळं भरून! माझा ल्योक समिंदराच्या पल्याड पामच्या मळ्यात घाम गाळतोय, आनि हितं हिचं पोट भरतीच्या पान्यावानी वर चढतंय!"

दोरिकानं हिसडा देऊन झगा खाली घेतला, पण बघायचं ते सगळ्यांनी बघितलं होतं. ताणून चकचकीत झालेलं पोट, एका अंगाला कललेलं.

"आत्याबाई, शपत घिऊन सांगते, माझ्या अंगाला कुनी हात लावला न्हाई."

"मग काय वाऱ्यानं भरलं?"

बाया हसल्या. कुणी तरी सुपारीची लाल पिंक नळाच्या दगडावर टाकली. दोरिकानं भांडी गोळा केली, नवऱ्याच्या घराकडं जायचं सोडून चढ चढून आमच्याकडं आली, आणि चुलीपुढं बसून राहिली. रडली नाही. नुसतं म्हणाली, "वयनी, मला आता तिकडं जाता यायचं न्हाई."

दोरिका माझी नणंद. माझा नवरा वाते तिचा थोरला भाऊ. आमच्या मलाइता बेटावर बहिणीच्या अंगातलं दुखणंखुपणं भावाच्या कानावर घालायचं नसतं. बहीण बोलली तर तिची लाज जाते, आणि भावानं ऐकलं तर त्याची. म्हणून जे काय होतं ते माझ्याच कानात यायचं, आणि माझ्यापाशीच राहायचं.

तिनं मला मागंच सांगितलं होतं. आधी पाळी लांबायची, आणि आली की थांबायची नाही. मग आली तर ठिपक्याएवढी, नाही तर अंगावरून नुसतं जातच राहायचं. रताळी खणायला वाकली की उजव्या कुशीत सुरा फिरवल्यागत कळ यायची. दोन घास खाल्ले की पोट तट्ट व्हायचं. घटकाघटकाला लघवीला. हातपाय काटकीसारखे वाळत चालले होते आणि पोट तेवढं वाढत होतं.

गावच्या दवाखान्यात आम्ही गेलो होतो. तिथं एकच नर्स, चार गावं तिच्या गळ्यात. तिनं पोट दाबून बघितलं, कान लावला, पुन्हा लावला.

"बाळाचा ठोका लागंना. आडवं असंल," ती म्हणाली.

"बाळ न्हाईच वो," दोरिका म्हणाली.

"सगळ्या असंच म्हनत्यात बाई. तपासायच्या पट्ट्या संपल्यात, जहाज येईल तवा येतील. तवर ह्या रक्ताच्या गोळ्या घे."

नर्स वाईट नव्हती. पण दवाखान्याच्या पायरीवर बसलेल्या बायांनी 'बाळ' एवढाच शब्द ऐकला, आणि आम्ही घरी पोचायच्या आत तो रोदाच्या दारात पोचला.

नळावरच्या भांडणानंतर दोरिकाचा थोरला दीर मेलासी कोयता घेऊन आमच्या अंगणात आला. बाप कोण ते नाव पाहिजे होतं त्याला.

"नाव न्हाई तर काय सांगू?" दोरिका आतून ओरडली.

मग त्यांनी नाव स्वतःच शोधलं. खाली खोबरं वाळवायची भट्टी होती, फिलेमोनची. त्याची बायको वारलेली. दोरिका त्याच्याकडं नारळ फोडायच्या कामाला जायची, बाकी बायाही जायच्या. पण गावाला एवढं पुरलं. फिलेमोन देवाची शपथ घेत होता आणि मेलासी कोयत्याची धार अंगठ्यावर बघत होता. दोन घराण्यांत रक्त सांडायला नको म्हणून शेवटी फिलेमोननं एक डुक्कर आणि आमच्याकडं पैशागत चालणारी शिंपल्यांची लाल माळ भरपाई म्हणून दिली. डुक्कर त्याच दिवशी तापल्या दगडांवर भाजून खाल्लं त्यांनी. दुसऱ्या दिवसापासनं गाव म्हणायला लागलं, काही केलंच नव्हतं तर दिलं कशाला?

दोरिकाची पोरगी नाओमी रोदानं ठेवून घेतली. "छिनालीच्या हाताखाली नात वाढू द्यायची न्हाई मला," म्हणाली. प्रार्थनेला गेलं की नाओमी आजीच्या बाकावर, दोरिका माझ्या बाकावर. पोरगी मान वळवून बघायला लागली की रोदा तिचं तोंड पुढं करायची.

वाते हे सगळं बघत होता आणि बोलत नव्हता. जंगलात झाडं कापायला जायचा, अंधार पडता यायचा, बहिणीकडं न बघता जेवायचा. मला एकदा विचारलं त्यानं, "खरं हाय का गं?" मी म्हटलं, "तिला बोटीनं मोठ्या हॉस्पिटलात न्यायला पायजे." त्यानं मान हलवली आणि बोटवाल्याशी बोलून आला.

प्रांताच्या गावातलं ते हॉस्पिटल. आम्हाला गरोदर बायांच्या रांगेत बसवलं. दुपार कलल्यावर एका डॉक्टरानं तिला उभ्या उभ्याच बघितलं.

"नवरा कुठाय?"

"पामच्या मळ्यात. लई महिनं झालं आला न्हाई," दोरिका म्हणाली.

डॉक्टर माझ्याकडं बघून जरासा हसला. पोटातलं दाखवणारं यंत्र बिघडलंय, दुरुस्त झालं की या, असं म्हणाला. दुखतंय म्हटल्यावर गोळ्या दिल्या. परतीच्या बोटीत दोरिका माझ्या खांद्याला टेकली होती. खडकांच्या आडचं लगूनचं पाणी काचेसारखं निवांत होतं. ती हळूच म्हणाली, "वयनी, झोपंत कुनी आलं आसंल का गं?"

"काय बोलतीस?"

"आत काय तरी हालल्यागत वाटतंय मला. सगळी म्हनत्यात, नर्स म्हनती, डाक्टर हसतोय. मग मीच खोटी असंन. मला ठावं नसताना काय तरी झालं आसंल."

 लोकांनी तिचं घर घेतलं, पोरगी घेतली, ते एक. आता तिची स्वतःची आठवणही तिच्याजवळ ठेवली नव्हती.

त्यानंतर वाऱ्याचे दिवस लागले. मळ्यातली माती चिखल होऊन पायाला ओढायला लागली. आम्ही रताळ्याचे वेल लावत होतो. दोरिकाला मी बांधावर बसायला सांगितलं होतं, पण ती ऐकणारी नव्हे. वाकली आणि तशीच आडवी पडली. तिचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. माणसाचा वाटतच नव्हता. ओकारी काढली, घामानं निथळली, दोन्ही हातांनी मातीत बोटं रोवली.

वातेनं तिला पाठीवर घेतलं आणि डोंगर उतरला. किनाऱ्यावर लाटा उसळत होत्या, बोटवाला नाही म्हणत होता. वाते त्याला म्हणाला, "तू येत न्हाईस तर बोट मी घिऊन जातो, मग बुडली तरी माजी भैन माज्याबरुबर बुडंल." बोटवाला निमूट इंजिनाची दोरी ओढायला लागला. पाणी आत येत होतं आणि मी नारळाच्या करवंटीनं उपसत होते.

या खेपेला डॉक्टरीणबाई होती. दुसऱ्या बेटावरची, वयानं अगदी पोर. यंत्र दुरुस्त झालं होतं. तिनं मधे कापडाचा पडदा ओढला, वातेला पलीकडं उभं केलं, दोरिकाच्या पोटाला थंडगार मलम लावून यंत्र फिरवलं. त्याच जागी दोनदा परत आणलं.

"कितवा महिना सांगितलाय?" तिनं मला विचारलं.

"गाव म्हनतंय आठवा-नववा. ही म्हनती कुठलाच न्हाई."

"हिचं बरोबर आहे," डॉक्टरीण म्हणाली. "बाळ नाहीये. बीजांडावर गाठ आहे, पाण्यानं भरलेली. केवढी तरी मोठी झालीय. तिच्या देठाला पीळ पडलाय, म्हणून एवढ्या कळा. लगेच कापून काढावी लागेल."

दोरिका दात आवळून पडली होती. तिनं डॉक्टरणीचं मनगट धरलं.

"परत सांगा."

"बाळ नाही. गाठ आहे."

"मोट्यानं सांगा. पडद्याच्या पल्याड माजा भाऊ उभा हाय."

डॉक्टरणीनं माझ्याकडं बघितलं. भावाला ऐकवायचं नसतं हे तिलाही ठाऊक होतं, तीही आमच्यासारख्याच बेटांवरची. मग ती पडद्याकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "हिच्या पोटात बाळ नाही! कधीच नव्हतं! हा आजार आहे!"

पडद्याखालून मला वातेचे चिखलानं भरलेले पाय दिसत होते. ते जरा वेळ तसेच राहिले. मग वळले आणि बाहेर गेले. नंतर मी त्याला बघितलं तेव्हा तो आंब्याच्या झाडाला कपाळ लावून उभा होता.

गाठ काढली. मोठ्या भोपळ्याएवढी होती, मला घमेल्यात दाखवली. दुसऱ्या अंगालाही ती चिकटली होती आणि रक्त थांबेना, म्हणून गर्भाची पिशवीही काढावी लागली. गाठीचा तुकडा परदेशात तपासायला पाठवला. तो वाईट रोगाचा नाही असं उत्तर यायला पुढं लई दिवस लागले, आणि त्या दिवसांत दोरिका नीट झोपली नाही.

शुद्धीवर आल्यावर तिनं डॉक्टरणीला विचारलं, "पयल्या खेपंला यंत्रानं बघितलं असतं तर माजी पिशवी राहिली असती का?"

डॉक्टरीण तिच्या खाटेवर बसली. "बहुतेक राहिली असती," म्हणाली.

दोरिकानं भिंतीकडं तोंड केलं.

गावात बातमी आमच्या आधी पोचली. कुणी आम्हाला तोंड दाखवायला आलं नाही. आनिफेलो, दोरिकाचा नवरा, पामच्या मळ्यावरून आला. डोळे लाल, हातात मोठ्या डुकराची दोरी. ते डुक्कर त्यानं भरपाई परत म्हणून फिलेमोनच्या दारात बांधलं आणि मग आमच्या अंगणात येऊन वातेपुढं मान खाली घालून बसला. नाओमीला बरोबर घेऊन आला होता. पोरगी आईच्या मांडीवर चढायला गेली तेव्हा टाके दुखून दोरिका कळवळली, पण तिनं पोरीला उतरू दिलं नाही.

"घरला चल," आनिफेलो म्हणाला.

कुंपणाबाहेर रोदा उभी होती. ती मेलासीला म्हणाली, हळू म्हणाली, पण आम्हाला ऐकू आलंच, "पिशवीच न्हाई ऱ्हायली, तर हिला नेऊन करायचं काय? एका पोरीवर घरानं चालतं व्हय?"

दोरिका हसली. ते हसू मला बघवलं नाही. "पोट हुतं तवा पोटापायी हाकलली, आता पोट न्हाई म्हनून. तुमी जावा," ती नवऱ्याला म्हणाली. "पोरगी ऱ्हाऊ द्या माज्यापाशी."

आनिफेलो आईला काही बोलला नाही. पोरीला आईपाशी ठेवून पुढच्या जहाजानं मळ्यावर परत गेला. मनात काय होतं ते त्याचं त्याला ठाऊक.

पाऊस उघडला, माती भुसभुशीत झाली. दोरिकाला जड काम मना होतं, ती बसून वेलाचे तुकडे करायची आणि मी लावायची. अशीच एक दुपार. रोदा मळ्याच्या कडेला येऊन उभी राहिली. एकटीच. मला वाटलं, आता पुन्हा भांडण.

ती बांधावरच थांबली. वाळली होती, डोळे खोल गेले होते. वारा आमच्या बाजूला आला तसा सडक्या रक्ताचा वास आला, आणि मी दोरिकाकडं बघितलं. तिलाही आला होता.

"कदीपास्नं?" दोरिकानं मान वर न करता विचारलं.

"पाळी जाऊन वरसं झाली हुती," रोदा म्हणाली. "मग परत चालू झालं. थांबतच न्हाई."

"कदीपास्नं म्हंते मी."

रोदानं खाली बघितलं. "नळावर... त्याच्या आदीपास्नं."

माझ्या हातातला वेल तसाच राहिला. म्हणजे हिच्या अंगावरून जात होतं, आणि ही दुसरीचा झगा वर करत होती.

"कुनाला सांगितलं?"

"कुनाला सांगू? ह्या वयात अंगावर जातंय म्हटलं तर लोक काय बोलत्याल, तुला ठावं हाय."

"मला ठावं हाय," दोरिका म्हणाली.

तिनं हातातले तुकडे संपवले. एकेक, सावकाश. मला वाटलं आता ही हिला हाकलणार, आणि हाकललं असतं तर मी एक शब्द बोलले नसते. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

"सकाळी बोट हाय. दोन झगं आनि फडकी घिऊन या. आंघोळ करून या."

सकाळी किनाऱ्यावर बाजाराला जाणाऱ्यांची गर्दी होती. रताळ्याच्या टोपल्या, सुपारीचे घड, कोंबड्या. रोदाला दोरिकाच्या हाताला धरून येताना बघितलं आणि सगळ्यांची तोंडं थांबली. कुणी तरी विचारलं, "म्हातारे, कुटं निघालीस?"

"दात दाखवाया..." रोदा म्हणाली.

दोरिकानं तिचा हात सोडला. रागानं नाही. नुसता सोडला, आणि बोटीच्या कडेला जाऊन उभी राहिली.

रोदा पाण्यात घोट्याइतकी उभी होती. तिथं पुरुष होते, मेलासी होता, फिलेमोन खोबऱ्याच्या गोणी चढवत होता. 

"दात न्हाई," ती म्हणाली. मग तिचा तो नळावरचा आवाज लागला, भांडणाचा, सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाणारा. "माज्या अंगावरनं जातंय! लई महिनं झालं! डाक्टरला दाखवाया चाललेय! आनि हिच्या पोटात लेकरू नव्हतं, गाठ हुती, मला बी तसलंच काय तरी हाय!"

 मेलासीनं तोंड फिरवलं. फिलेमोननं गोणी खाली ठेवली.

दोरिकानं हात पुढं केला आणि सासूला बोटीत ओढून घेतलं. इंजिन लागलं. रोदाच्या आजाराला फार उशीर झाला होता, ते डॉक्टरणीनं दोरिकाला दुपारी सांगितलं. पण ते दुपारचं. सकाळी मी किनाऱ्यावर उभी होते, आणि बोट वळायच्या आत गर्दीतली एक तरणी बाई, कडेवर मूल घेतलेली, माझ्याजवळ आली. माझ्या कानाशी लागून तिनं विचारलं, "ती बोट परत कवा जानार हाय गं?"