ओवाळणीची गाडी

भाऊबिजेला माझ्या भावाने मला ओवाळणीत भंगार घातलं. आदल्याच दिवशी रोह्याच्या घरा-जमिनीवरचा हक्क सोडल्याची सही त्याने माझ्याकडून गोड बोलून घेतली होती, "नुसता सोपस्कार गो," म्हणत. ओवाळून झाल्यावर हा आमचा हैबतरावदादा चारचौघांत गोठ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "बाबांची ती गाडी घेऊन जा गो सरू. कोंबड्यांना खुराडं व्हईल." सगळे हसले.

बाबांनी ती देश सोडून जाणाऱ्या एका गोऱ्या साहेबाकडून घेतली होती. लांब नाकाची, बिनछपराची, दोनच माणसांची रेसची गाडी. टेम्पोत घालून मी ती पेणला सासरी आणली ती रागाने, हौसेने नव्हे.

आमचे हे कंपनीत फिटर. शिफ्ट संपली की पडवीत गाडीखाली शिरायचे. मी पत्रा ठोकायची, घासायची. गंजाचे पापुद्रे काढताना भावाची सालटी काढतेय असंच वाटायचं, खोटं कशाला बोलू? गिअर जीपच्या भंगारातून जुळवले. रंग मारला जोहे गावच्या, गणपती रंगवणाऱ्या विठूने, गणपतीच्या सोवळ्याचा लाल. वर्षं गेली. चालवायलाही मीच शिकले. मला एवढंच हवं होतं, की दादाने रोहेकरांसमोर म्हणावं, सरूला मी फसवलं.

पुन्हा भाऊबीज आली. आम्ही दोघं गाडी घेऊन त्याच्या दारात थांबलो. हां हां म्हणता गर्दी जमली.

"मीच दिली हो बहिणीला!" दादा बाहेर येऊन लोकांना सांगू लागला. मग माझ्या शेजारी बसलेल्या ह्यांना म्हणाला, "उतरा दाजी, आता मालकाला बसू द्या."

हे उतरले. वेल्डिंगचे चटके खाल्लेले ते हात बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दादा शेजारी येऊन बसला, तशी मी गाडी काढली.

बाजारातून दादा सगळ्यांना हात जोडत चालला होता, निवडून आल्यासारखा. मी थेट हायवे गाठला आणि खांब गावाजवळ थांबले.

"म्हण, सरूला मी फसवलं."

"येडी काय गो? राजीखुशीनं सही केलीस ना?"

"उतर."

"इथं? अगो, पायात चपला पण नाय माझ्या."

"उतरतोस, का ढकलून देऊ?"

तो उतरला. मी गाडी वळवली, तसा मागून ओरडत धावला, "फसवलं गो! व्हय, फसवलं तुला! थांब!"

पण खांबच्या रस्त्यावर ते ऐकायला माझ्याशिवाय कुणीच नव्हतं. मी थांबले नाही. रोह्याला हे अंगणात ताटकळत उभे होते.