शेवंतीच्या नाकाचं मी सांगतो

मी दवला बोलतोय. दवला म्हणजे करवंटीचा डाव. आमच्या मालवणकडे मला 'दवलो' म्हणतात. तारकर्लीच्या लवूने मला घडवलं. दारच्या माडाच्या नारळाची अर्धी करवंटी त्याने काचेच्या तुकड्याने तासून गुळगुळीत केली, काठाजवळ भोकं पाडली आणि पोफळीचा दांडा आत सारला. नारळाला तीन डोळे असतात म्हणे. ते माझ्या दुसऱ्या अर्ध्याला गेले. मला बघायला शिकवलं ते लवूच्या बायकोने, शेवंतीने.

तिच्या हाताखाली माझा जन्म गेला. ती स्वयंपाक करायची तेव्हा जीभ सर्वांत शेवटी कामाला यायची. आधी कान. फोडणीचा आवाज बारीक झाला की ती न बघता पातेल्याकडे वळायची. मग डोळे, मग नाक. नाक म्हणजे घरातला खरा कारभारी. तिखट, आंबट, खारट, गोड, कडू एवढं जिभेला कळतं. कोकमाचं कोकमपण आणि तिरफळाचं तिरफळपण नाक ओळखतं. पण जेवून उठल्यावर माणसं म्हणतात, जिभेला चव आली! राबतं कोण आणि मान कोणाला, ही तुमची जुनीच रीत आहे.

शेवटी ती माझ्यातून एक थेंब तळहातावर घ्यायची आणि चाटायची. दुसरा थेंब लवूच्या तळहातावर पडायचा. "बघ रे, मीठ बरोबर आसा?" लवू चाटायचा आणि म्हणायचा, "बरां आसा." एवढंच. खारट असलं तरी बरां आणि अळणी असलं तरी बरां.

गेल्या वर्षी पावसाळ्यात शेवंतीला ताप आला. आठवड्याने उतरला, ती उठून कामाला लागली, सगळं पूर्वीसारखं झालं. निदान घरातल्यांना तसं वाटलं. मला मात्र पहिल्याच दिवशी कळलं. फोडणीवर ती वाकली, श्वास घेतला आणि तशीच थांबली. पुन्हा श्वास घेतला. मग पदराने नाक पुसलं आणि काही झालंच नाही अशा थाटात माझ्याने ढवळू लागली.

ती कोणाला बोलली नाही. खोबरं ती रंगावरून भाजू लागली. रस्सा दाट झाला की नाही ते माझ्यातून धार कशी पडते त्यावरून ठरवू लागली. मीठ-तिखट जिभेला कळत होतंच. दिवस निभावले. हाताला सवय असते, ती पुष्कळ दिवस अब्रू राखते.

लवूला संशय यायला हवा होता. त्याने विडी सोडायची शपथ घेतली होती, ती केव्हाच मोडली होती आणि माडाच्या आड जाऊन तो ओढून यायचा. पूर्वी तो दारात पाऊल टाकायच्या आत शेवंती ओरडायची. आता ती काही बोलेना. लवूला वाटलं, आपण खाल्लेल्या बडीशेपेने काम केलं! पठ्ठ्या खूश होता. ऐकायला नको ते ऐकू आलं नाही की माणूस कारण शोधत बसत नाही.

मग म्हाळ आला, म्हणजे पितृपक्षातलं लवूच्या वडिलांचं श्राद्ध. म्हाळाला आमच्याकडे वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं हवंच. आणि त्या दिवशी पितरांचं पान ठेवून होईपर्यंत कोणी काही चाखायचं नाही. तळहातावर थेंब घ्यायचा नाही आणि द्यायचाही नाही. मीठसुद्धा अंदाजाने. त्या दिवशी सगळा भार नाकावर असतो.

शेवंतीने डब्यातलं सुकं खोबरं काढलं. दिसायला पांढरं होतं. तिने ते तव्यावर तांबूस भाजलं, वाटलं, सांबाऱ्यात घातलं. पावसाळ्यात ते खोबरं खवट झालं होतं. मी त्यात बुडालो होतो, मला कळत होतं, पण दवल्याला तोंड असतं कुठे!

बाहेर पान ठेवलं. कावळ्याने वडा उचलला आणि तो गेला. मग घरची पंगत बसली. लवूचा भाऊ गणपत कट्टा गावाहून आला होता. पहिला घास घेऊन तो नेहमीच्या सुरात म्हणाला, "वयनी, सांबारां म्हणजे तुझ्याच हातचां खावचां!" त्याला खवट लागलं नसेल असं नाही. पण शेवंतीचं सांबारं चांगलंच असतं हे त्याच्या कानांनी इतकी वर्षं ऐकलं होतं, आणि जीभ बिचारी कानांपुढे गप्प बसली.

लवूचा हात मात्र पहिल्या घासानंतर पानावरच राहिला. त्याने शेवंतीकडे बघितलं. ती वाढत होती, चेहरा शांत होता. तो पानातलं सगळं संपवून उठला.

गणपत गेल्यावर तो स्वयंपाकघरात आला. "गो, खोबरां खवाट होतां. तुका कळाक नाय?"

शेवंती मला धूत होती. तिचा हात थांबला. "माका कसलोच वास येणा नाय," ती म्हणाली. "तापापासून."

"मगे सांगलंस कित्याक नाय?"

"काय सांगू? डोळे गेले तर लोक हात धरतत. नाक गेलां म्हणून कोण हात धरता?" आणि मग तिला रडू फुटलं. "पितरांका खवाट वाढलंय रे मी. ह्या हातान."

लवूने तिला मालवणात डॉक्टरला दाखवलं. ते म्हणाले, "वास परत येईलही, कदाचित नाही येणार." गोळ्या संपल्या, वास आला नाही. शेवंतीने लवूला सांगून टाकलं, पुढच्या म्हाळाला सांबारं दुसऱ्या कोणाकडून करून घे, मी चुलीपाशी जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी शेवंती खोबरं भाजत असताना लवू पाट घेऊन स्वयंपाकघरात येऊन बसला. विड्यांचं बंडल त्याने विहिरीमागे पुरलं होतं, कारण धुराने नाक मरतं.

"कसो येता वास?" शेवंतीने विचारलं.

"बरो येता."

"बरो म्हणजे कसो? बरो तर तू पण आसस!"

लवू गडबडला. "करपाक नाय."

"ता माका दिसता. काय आसा ता सांग."

लवूने डोळे मिटले. इतकी वर्षं रोज खाल्लेल्या खोबऱ्याबद्दल त्याच्याकडे एक शब्द नव्हता. पुन्हा एकदा वास ओढून म्हणाला, "कच्चेपण गेलां. आता... माझी आवस वाटपाचां खोबरां भाजी, तेव्हा पडवीत येय तसो येता." आवस म्हणजे त्याची आई.

शेवंतीने लगेच गॅस बंद केला. मी तिच्या हातात होतो. तिची पकड सैल झाल्याचं मला जाणवलं. यंदाच्या म्हाळाचं सांबारं तिनेच केलं. लवू शेजारी बसून सांगत होता आणि वास घेण्याला चाखणं म्हणत नाहीत.

तेव्हा वाचणाऱ्यांनो, तुम्हाला कोणी "कसं झालंय?" विचारलं तर "बरं" म्हणून सुटू नका. विचारणाऱ्याला कदाचित ते खरंच कळत नसेल.

आता माझ्या काठाला चीर गेली आहे, रस्सा गळतो. लवूने नवी करवंटी तासायला घेतली आहे. मी न्हाणीच्या चुलीत जाणार, करवंट्या शेवटी तिथेच जातात. जळताना आमचा तेलकट, गोडसर धूर होतो. शेवंतीला तो कळणार नाही. त्या दिवशी लवूने चुलीपाशी बसावं आणि माझा वास तिला नीट सांगावा. नुसतं "बरो येता" म्हणून उठू नये.