पेपरवेट नव्हे, कार्ड आहे मी

हो, मीच बोलतोय. टेबलावरच्या कागदांच्या गठ्ठ्यावर जे संगणकात बसवायचं हिरवं, तळहाताएवढं कार्ड पडलेलं असायचं, तेच. तीन वर्षं मला पेपरवेट म्हणून वापरलं, आणि वर जगाला सांगितलं की आम्ही सगळं याच कार्डावर तपासून घेतो. आता माझंही ऐकून घ्या.

माझा जन्म एका कारखान्यातला. भिंगाखाली धरून एक कारागीर बाई आम्हाला कथलाचे डाग द्यायची, म्हणजे सुटे भाग जोडायची. एखादा डाग कच्चा राहिला तर स्वतःवरच चिडायची आणि पुन्हा तापवायची. मग प्रत्येक कार्ड यंत्रात घालून बघायची. कार्डाने उत्तर दिलं, तरच त्याच्या पाठीवर निळ्या शाईची खूण करायची. माझ्या पाठीवर ती अजून आहे. माझ्यामागोमाग तयार झालेल्या कार्डावरही होती. आमचे नंबर लागोपाठचे, म्हणून मी त्याला जुळा भाऊच मानला.

आम्ही दोघं एका अंधशाळेत गेलो. तिथे उठावाचे ठिपके छापणारं अवजड यंत्र होतं, बोटांनी वाचायच्या पुस्तकांचं. ते चालवायचं काम आमचं. एक जण यंत्राच्या संगणकात बसायचा, दुसरा खणात. छापखाना सांभाळणारे मास्तर दर सुट्टीत आमची अदलाबदल करायचे. ‘एकट्यानंच किती राबायचं,’ असं म्हणायचे. अकरा वर्षं आम्ही असा संसार केला.

संगणकाच्या मुळाशी सगळ्यांना कामाला लावणारा जो प्रोग्रॅम असतो, त्याला कर्नल म्हणतात. आणि ज्या तारांवरून तो आमच्याशी बोलतो, ती बस. चाकांची नव्हे. संगणक सुरू झाला की कर्नल बसवर हाक मारतो, ‘कोण कोण आहे?’ आम्ही ‘ओ’ द्यायची. तो अर्धा सेकंद थांबायचा. मला जागं व्हायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. जुना आहे मी, पण उत्तर चुकवलेलं नाही एकदाही.

या बसच्या कोडमध्ये जगभरातून कोणी ना कोणी बदल पाठवत असतं. ते बारकाईने वाचून पास किंवा नापास करणाऱ्या एक बाई आहेत. घरीच टेबलाशी बसून काम करतात. मास्तरांनी मला त्यांच्याकडे पाठवलं आणि फोनवर म्हणाले, “ताई, असलं कार्ड आता कुठं मिळत नाही. तुमच्याजवळ एक असू दे. बदल करताना याला विचारत जा, म्हणजे झालं.”

“मास्तर, याला विचारल्याशिवाय एकही बदल पुढे जाणार नाही,” बाईंनी शब्द दिला.

सुरुवातीला तो पाळलाही. टेबलाखाली उघड्या पोटाचा एक जुना संगणक होता. त्यात मला बसवायच्या, हाक जायची, मी ओ द्यायचो. मग बाई बदलाच्या खाली एक ओळ लिहायच्या, ‘खऱ्या कार्डावर तपासलं’, आणि पुढे स्वतःचं नाव. त्या ओळीवर कितीतरी लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात.

पुढे कामं वाढली. खाली वाकून मला बसवायचा कंटाळा आला. बाईंनी एक प्रोग्रॅम लिहिला, जो माझं सोंग घ्यायचा. हाक मारली रे मारली की उत्तर हजर. अहो, माझी नक्कल करायची तर निदान माझा आळस तरी घ्यायचा. मी कागदांवर जाऊन बसलो. ओळ मात्र तीच राहिली, ‘खऱ्या कार्डावर तपासलं’. संताप येणार नाही तर काय होणार?

एके दिवशी एका पोराचा बदल आला. पोर म्हणजे चांगला नोकरदार माणूस, पण त्याच्या घाईमुळे बाई त्याला झटपट म्हणायच्या. त्याचं म्हणणं, हल्लीच्या कार्डांसाठी अर्धा सेकंद कशाला, दहावा हिस्सा पुरे, संगणक लवकर सुरू होईल. बाईंनी तो बदल तीनदा परत पाठवला. कशासाठी? तर एका ठिकाणी दिलेलं नाव आवडलं नाही. मग ओळीच्या शेवटी मोकळी जागा सुटली होती. मग माहितीचं वाक्य लांबलं होतं. झटपटने निमूटपणे सगळं दुरुस्त केलं. चौथ्या खेपेला बाई खूश झाल्या आणि ती ओळ लिहून मोकळ्या झाल्या. मी हातभर अंतरावर पडलो होतो. तो आकडा एकदा मला विचारला असता तर काय बिघडलं असतं?

चार महिन्यांनी मास्तरांचा फोन आला. बाईंनी तो स्पीकरवर टाकला.

“ताई, संगणकात कर्नलची नवी आवृत्ती घातली आणि यंत्र म्हणतंय, कार्डच नाही. परीक्षा आठ दिवसांवर आलीय. चौदा मुलांच्या प्रश्नपत्रिका छापायच्यात.”

“कार्डच गेलं असणार, मास्तर. आमच्याकडे सगळं तपासलेलं आहे.”

“तसं असेल तर याला भंगारात देतो. याचं जुळं तेवढं पाठवा लवकर.”

मी ओरडत होतो, पण संगणकाबाहेरच्या कार्डाचा आवाज कोणाला जाणार?

दोन दिवसांनी पाठवण्याआधी बाईंनी मला उचललं आणि नवी आवृत्ती घातलेल्या त्या जुन्या संगणकात बसवलं. हाक आली. मी जिवाच्या आकांताने जागा झालो, तोवर कर्नल पाठ फिरवून गेलेला. “हेही मेलं वाटतं,” बाई म्हणाल्या आणि मला केराच्या टोपलीशेजारी ठेवलं. मुलांना आता काय सांगायचं, म्हणून कपाळ धरून बसल्या.

तेवढ्यात सासूबाई फडकं घेऊन आल्या. टेबल रोज त्याच पुसतात.

“अगं, हे खाली कसं आलं?”

“गेलं ते, आई. बंद पडलंय.”

“पण चालत कधी होतं? मी तीन वर्षं रोज पुसतेय, एकदा जागचं हललेलं बघितलं नाही.”

“नाही हो, तपासते ना मी त्याच्यावर...” बाई बोलता बोलता थांबल्या.

“कधी?” सासूबाईंनी सहज विचारलं.

 बाई खाली वाकल्या, मला पुन्हा बसवलं आणि जुनी आवृत्ती लावली. हाक आली. कर्नल अर्धा सेकंद थांबला. मी ओ दिली.

बाईंनी तिथूनच फोन लावला. “मास्तर, ते कार्ड भंगारात दिलंत का?”

“काल सकाळीच गाडी येऊन गेली, ताई. का हो?”

“ते चांगलं होतं. चूक माझी आहे.”

 मास्तर म्हणाले, “पंधरा वर्षं होतं ते माझ्याजवळ.”

बाईंनी अर्धा सेकंद परत आणला आणि सगळ्यांना वाचता येईल अशा ठिकाणी लिहिलं: ‘मी तपासलं असं लिहिलं होतं. तपासलं नव्हतं.’ झटपटने कळवलं, ‘मीही तुमची ओळ बघून निर्धास्त राहिलो.’ बाईंना मी माफ केलंय की नाही, ते मला अजून ठरवता येत नाही. तीन वर्षांत तशा किती ओळी लिहिल्या, त्या आता बाई एकेक करून शोधताहेत. शोधू देत.

परीक्षेआधीच मी शाळेत परत आलो. भावाच्या जागी बसलोय. इथे ठरलंय असं, की बसच्या कोडात बदल झाला की बाई तो मास्तरांकडे पाठवणार. मास्तर माझ्याकडून एक ओळ छापून घेणार, चौदांपैकी कोणीतरी ती बोटांनी वाचून दाखवणार, मगच ‘तपासलं’ या ओळीपुढे मास्तर आपलं नाव घालणार. परवा एका मुलीने पहिली ओळ वाचली. एक ठिपका पुसट आहे म्हणाली, तर मास्तरांनी सगळं पुन्हा छापायला लावलं.

आता खणात कोणी नाही. मी थकलो तर अदलाबदल करायला दुसरं कार्ड नाही. म्हणून सांगतो, काही तपासलं असं लिहायचं असेल तर तपासा, नाहीतर लिहू नका. माझा भाऊ मेलेला नव्हता. त्यालाही उत्तर द्यायला सेकंदाचा तिसरा हिस्साच लागत होता.