घोट्यावरची शीर

बाळ पोटात असताना तिच्या डाव्या पायावर निळ्या शिरा दिसायला लागल्या. बाळंतपण झालं की जातील, असं जो तो म्हणाला. गेल्या नाहीत. बाळ चार महिन्यांचं झालं, ती पार्लरमध्ये परत कामावर गेली, तोवर घोट्याच्या वर एक शीर करंगळीएवढी फुगली होती.

"होतं असं. त्याचं काय एवढं!" सासूबाई म्हणायच्या.

डॉक्टरांनी घट्ट, लांब मोजे दिले होते. ते चढवणं म्हणजे कुस्तीच. त्या सकाळी बाळाने मांडी सोडलीच नाही आणि मोजे राहिले.

दुपारी ती एका बँकेतल्या बाईंच्या केसांना रंग लावत होती. घोट्याला खाज सुटली. हात रंगाने भरलेले, म्हणून दुसऱ्या चपलेच्या कडेने तिने जरा खाजवलं. थोड्या वेळात तळपाय ओला लागला. रंग सांडला की काय, म्हणून तिने खाली पाहिलं.

रक्त होतं. घोट्यावरून बारीक धार उडत होती. दुखत मात्र काहीच नव्हतं आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

"मॅडम..." तिला स्वतःचाच आवाज परका वाटला.

मालकीणबाई धावत आल्या. "बस, खुर्चीत बस!" त्यांनी ओढणी काढून गुडघ्याखाली करकचून बांधली. धार थांबायची सोडून वाढलीच. टाइल्सवर थारोळं पसरलं.

बँकेतल्या बाईंनी तोवर अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावून स्पीकर सुरू केला होता. पलीकडची बाई शांतपणे बोलत होती. "वर बांधलंय ते आधी सोडा. त्यांना आडवं झोपवा. पाय उंच करा. जखमेवर टॉवेल ठेवून दाबा. बघायला म्हणून उचलू नका."

ती फरशीवर आडवी झाली. बँकेतल्या बाई डोक्याला रंग तसाच ठेवून गुडघ्यांवर बसल्या, तिची टाच खांद्यावर घेतली आणि दोन्ही हातांनी टॉवेल दाबला. टॉवेलवर लाल डाग उमटला. वाढला.

"थांबलं का हो?" मालकीणबाईंनी टॉवेलला हात घातला.

"हात लावू नका!" बाई ओरडल्या.

तिला गार वाटायला लागलं. कुडता दुधाने भिजला होता. "बाळाच्या दुधाची वेळ झाली," ती पुटपुटली.

"गप्प पड गं. आधी त्याला आई हवी, दूध मागून," मालकीणबाई म्हणाल्या.

तिघी त्या डागाकडे बघत राहिल्या. डाग पसरायचा थांबलाय की आपल्यालाच तसं वाटतंय, कळत नव्हतं. अ‍ॅम्ब्युलन्सची माणसं आली तेव्हा बाईंची बोटं टॉवेलवरून सुटता सुटेनात. त्यांचे केस पार गाजरासारखे झाले होते.

हॉस्पिटलमध्ये टाका पडला, पट्टी बसली, पायाची तपासणी झाली. शीर आतून बंद करावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. "आणि उभ्याने काम असेल तर मोजे चुकवायचे नाहीत."

नवरा बाळाला घेऊन उभा होता. सासूबाई इतका वेळ कोपऱ्यात बसून होत्या. डॉक्टर निघाल्या तशा त्या उठल्या आणि त्यांनी स्वतःच्या पायावरचं कापड वर केलं. घोट्याच्या वरची कातडी काळपट, कडक झाली होती.

"हेही बघता का जरा?"

"आई, तुम्ही कधी बोलला नाहीत!" ती म्हणाली.

"मला कोणी विचारलं?" सासूबाई म्हणाल्या. मग तिच्याकडे न बघता हळूच म्हणाल्या, "मीही तुला विचारलं नाहीच."

पुढच्या महिन्यात तिची शीर बंद झाली. त्यानंतर सासूबाईंचा नंबर लागला. ती बाळाला घेऊन बाहेर बाकावर बसली होती. दार बंद झालं आणि ती त्या दाराकडेच बघत राहिली. मग आतून सासूबाईंचा आवाज आला. त्या नर्सला दम देत होत्या की एवढं गार कशाला करून ठेवलंय.

तिचा जीव भांड्यात पडला.