नाकापासून मोजलेला आवाज

मी गाडीच्या पुढच्या दारातला स्पीकर बोलतोय. चालकाच्या बाजूचा नव्हे, त्याच्या शेजारच्या सीटचा. स्पीकर बोलला यात नवल काय, असं म्हणाल. पण आजवर मी दुसऱ्यांचंच बोलत आलो. आज स्वतःचं सांगतोय, आणि ते काही फार गोड नाही.

जन्म कारखान्यातला. कागदाचा शंकू, कडेला रबर, पाठीला लोहचुंबक. माझ्यासारखे तिथे ढिगाने निघतात, त्यामुळे घराण्याचा तोरा मला नाही. पण बनवणाऱ्यांनी एक शहाणपण केलं होतं. तारा जोडायच्या माझ्या दोन पट्ट्यांपैकी अधिकची रुंद ठेवली आणि उण्याची अरुंद. डोळे मिटून जोडणाऱ्याचंही चुकू नये म्हणून. बिचाऱ्यांना आमचा मालक भेटला नव्हता.

मालक नकाशे काढायच्या कचेरीत कामाला. घरात तो, बायको आणि म्हातारी आई. दारातच बसायचं असल्यामुळे मला या तिघांचं सगळं ठाऊक. कुणी कुणाशी किती दिवस अबोला धरला, आईचा चष्मा कितव्यांदा हरवला, सगळं. चौकस म्हणा हवं तर. दारात बसणाऱ्याने काय डोळे मिटून बसायचं?

मालकीणबाई अंधांच्या वाचनालयासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायच्या. मऊ, भरीव आवाज. गेल्या वर्षी घशात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, दीड महिना बाई पाटीवर लिहून बोलल्या. तो दीड महिना घरात काय शांतता होती, असं मालक पाहुण्यांना हसत हसत सांगतो. पाहुणे चहात बघतात.

आता घसा बरा झाला, तसा वाचनालयाने दहा मिनिटांचा नमुना मागवला. शुक्रवारपर्यंत पाठवा, ऐकून ठरवू. नाही जमलं तर दुसऱ्या एक बाई तयार आहेत, हेही गोड शब्दांत कळवलं.

नेमकं त्याच आठवड्यात मालकाच्या अंगात आलं. कचेरीतल्या कुणाच्या तरी गाडीत गाणं ऐकून आला आणि आपल्या गाडीतला आवाज त्याला फुसका वाटायला लागला. चार व्हिडिओ बघून त्याने सीटखाली अ‍ॅम्प्लिफायर बसवला, डिकीत बेसचा डबा ठेवला. हा डबा म्हणजे मागून आला आणि तिखट झाला. एकच शब्द येतो त्याला, तोही घुमवून बोलतो. मला मात्र मालक 'कंपनीचा कागदी' म्हणतो.

रविवारी त्याने माझं दार उघडलं. पत्रा वाजू नये म्हणून आतून काळे जाड कागद चिकटवले. ते काम बरं केलं, उगाच खोटं कशाला बोलू? मग नवी तार ओढली. तिच्या दोन पदरांपैकी एकावर लाल रेघ होती, म्हणजे हा अधिकचा. मालकाने तो अरुंद पट्टीला लावला. तारेच्या टोकाचं टोपण ढिलं बसलं. दुसरं रुंद पट्टीवर जाईना. जे जागेवर बसत नाही ते चुकीच्या जागी आहे, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मालकाने पक्कड आणली. एक टोपण दाबलं, दुसरं ताणलं, दार बंद केलं आणि हात झटकले.

तेव्हापासून पलीकडच्या दारातला माझा भाऊ हवा पुढे ढकलतो तेव्हा मी मागे ओढतो. एकच पलंग दोघांनी एकाच वेळी उलट दिशांना ओढावा, तसलं काम. मधल्या मधे आवाज मरतो. गाण्याच्या कडा उरतात, गाभा जातो.

आवाजात दम नाही एवढं मालकाला कळलं. कारण शोधायला तो दाराकडे वळलाच नाही. त्याने बेस वाढवला, ट्रेबल कमी केला, पुन्हा वाढवला. बॅलन्स इकडे दोन घरं, तिकडे एक घर. शेवटी मोजायची फीत आणून स्वतःच्या नाकापासून प्रत्येक स्पीकरपर्यंतचं अंतर मोजलं. फितीचं दुसरं टोक माझ्यापाशी म्हातारीने धरलं होतं. नाकावरून आवाज कधीपासून मोजायला लागले, असं ती पुटपुटली, तर तुला यातलं कळत नाही म्हणाला.

गुरुवारी संध्याकाळी बाईंनी रेकॉर्ड केलेला नमुना ऐकायला तिघं गाडीत बसली. फोनवर आवाजातलं खरंखोटं कळत नाही, गाडीत लाव, हा मालकाचाच आग्रह. बाई मागे, म्हातारी माझ्या शेजारी. बाईंचं वाचन सुरू झालं आणि ते नरसाळ्यातून आल्यासारखं पोकळ ऐकू आलं. मी काय करणार? जे मिळालं ते उलटं ओढत होतो.

मालकाने मान हलवली. "माझ्या सिस्टीममध्ये लपवाछपवी चालत नाही. तुझा आवाज गेलाय. वाईट वाटून घेऊ नकोस, पण लोकांसमोर शोभा नको."

बाई फोन काढून वाचनालयाला लिहू लागल्या, की मला जमणार नाही, दुसऱ्या बाईंना काम द्यावं. शब्द न शब्द त्या ओठांत म्हणत होत्या. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथेही अंगण सरळच होतं, नाचणाऱ्यानेच त्याला वाकडं ठरवलं होतं.

इतक्यात म्हातारीचा चष्मा पायाशी पडला. तो शोधायला ती वाकली, कान माझ्या जाळीला टेकला आणि ती तशीच थांबली.

"अगं, इथे खाली तर तू पहिल्यासारखीच बोलतेयस."

"आई, उठ. तुला आधीच कमी ऐकू येतं," मालक म्हणाला.

"म्हणून तर जवळून ऐकतेय. तुझ्यासारखी लांबून अक्कल नाही शिकवत."

बाईंनी लिहिणं थांबवलं. खाली उतरल्या, माझं दार उघडून गुडघ्यावर बसल्या, कान लावला. मग पलीकडे जाऊन भावाला कान लावला. दोन्हीकडे भरीव. मधे येऊन बसलं की पोकळ. त्यांनी तो निरोप पुसून टाकला. मालक तोवर फीत शोधत होता.

शुक्रवारी सकाळी बाई गाडी घेऊन एकट्याच वायरमनकडे गेल्या. त्याने माझं दार उघडलं, पक्कडीचे वण बघितले आणि हे कुणी जोडलं म्हणून विचारलं.

"घरात एक जाणकार आहेत," बाई म्हणाल्या.

त्याने दोन पदरांची अदलाबदल केली. मागच्या सीटवर मधोमध बसून बाईंनी स्वतःची दहा मिनिटं शेवटपर्यंत ऐकली. डोळे पुसले, आणि तिथूनच नमुना पाठवून दिला.

संध्याकाळी मालकाने गाणं लावलं आणि उडालाच. शेवटी आपणच बॅलन्स जमवला म्हणून आईला हाक मारून ऐकवलं. मग बायकोला म्हणाला, नमुना आण, आता एकदा ऐकतो आणि पाठवायचा की नाही ते सांगतो.

"दुपारच्या आतच पाठवला," बाई म्हणाल्या. "तुम्हाला विचारायचं कारण उरलं नव्हतं."

वाचनालयाचं उत्तर अजून आलेलं नाही. मी दारातच आहे, शंकूची कड जरा झिजतेय. पुढच्या महिन्यात 'कागदी' काढून महागातले बसवायचा मालकाचा बेत आहे. बसवू दे. माझी तुम्हाला एवढीच विनंती. घरात कुणाचा आवाज खोल गेल्यासारखा वाटला, तर त्याच्या गळ्यावर निकाल देण्याआधी उठा, जवळ जा आणि कान लावा. सीटवर बसून नाक मोजणारे आमच्याकडे एक आहेत, तेवढे पुरे.