भिंतीपासून हातभर

आमच्या डेपोत ड्रायव्हरची लायकी रस्त्यावर ठरत नाही, भिंतीपाशी ठरते. आवार एवढंसं आणि बसगाड्या ढीगभर. म्हणून संध्याकाळी गाडी लावताना तिचं नाक भिंतीच्या इतकं जवळ न्यायचं की मध्ये वीतभर फट उरली पाहिजे. जास्त उरली तर बाकीचे खिदळतात, "काय, भिंतीला लाजलात की काय?" आणि भिंतीला टेकली तर विचारूच नका. इतक्या वर्षांत माझी वीत एकदाही चुकली नव्हती. हे मी तोऱ्यात सांगते, कारण तोरा मिरवण्यासारखंच आहे ते.

तीच वीत मला भोवली.

माझी गाडी टेकडीवरच्या वस्तीला जाते. काही आठवड्यांपूर्वी तिच्या नाकावर सायकली ठेवायला एक लोखंडी रॅक बसवला. वर राहणारी माणसं सकाळी सायकलवरून सुसाट खाली येतात, पण परतीच्या चढाला तोंडाला फेस येतो. मग कोणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की सायकल बसच्या पुढे अडकवा आणि माणूस आत बसवा. रॅक रिकामा असला की वर दुमडून ठेवायचा. करून बघू, जमलं तर ठेवू, नाहीतर काढून टाकू, असं ठरलं. बाकीच्या ड्रायव्हरांनी नाकं मुरडली. वेळ जातो म्हणे, पुढचं दिसत नाही म्हणे. दिसतं हो सगळं! यांना नवीन काही नको असतं, एवढंच. मी हात वर केला, लावा माझ्या गाडीला. यात समाजसेवा वगैरे काही नव्हती. त्या रॅकवाचून अडलेली बाई माझ्याच घरात होती, माझी सासू.

सासूबाई शिलाई मशिनी दुरुस्त करतात. सायकलच्या कॅरिअरला अवजारांची पेटी बांधायची आणि घरोघर फिरायचं. सासरे अकाली गेले, तेव्हा याच कामावर त्यांनी माझ्या नवऱ्याला लहानाचा मोठा केला. आता गुडघ्यांनी संप पुकारलाय. चढावर सायकल ढकलत यायच्या आणि घरी आल्या की कितीतरी वेळ नुसत्या पाय चोळत बसायच्या. नवरा चिडायचा. "आई, पुरे आता. माझं वेल्डिंगचं दुकान चाललंय, ही नोकरी करते. तुला काय कमी आहे? आणि जायचंच असलं तर मी सोडेन ना स्कूटरवर."

"म्हणजे मी तुझ्या सवडीने जगू?" सासूबाई म्हणायच्या.

शेवटी मायलेकांत करार झाला. बसवर रॅक राहिला तर आई कामाला जाणार. रॅक निघाला तर पेटी माळ्यावर. सासूबाई शब्दाला पक्क्या. "कबूल," म्हणाल्या, आणि तो शब्द त्यांनी मोडला नसता हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

आणि डेपोच्या मॅनेजरबाई स्वतः गाडीत बसून रॅक ठेवायचा की काढायचा याचा निकाल द्यायला येणार, त्याच्या आदल्या संध्याकाळी माझ्या हातून व्हायचं ते झालं. रॅक लागल्यापासून मी गाडी डिझेल पंपाजवळच्या मोकळ्या जागेत लावत होते. त्या दिवशी तिथे एक बंद पडलेली बस आणून ठेवलेली. म्हटलं, जाऊ दे, आपली जुनी जागा रिकामी आहे. वळवली, आत घेतली, आणि हातापायांना जी सवय होती तीच त्यांनी केली. वीतभर! रॅक दुमडलेला असला तरी वितीहून जाड असतो, हे माझ्या डोक्याला माहीत होतं. पायाला कोण सांगणार? कर्रर्र असा आवाज झाला.

खाली उतरून बघते तर रॅकची एक बाजू आत मुडपलेली, बिजागरी तुटून लोंबतेय. मी कपाळाला हात लावला. मग स्वतःलाच अशा शिव्या घातल्या की शेजारच्या गाडीतला ड्रायव्हर काच बंद करून बसला.

गाड्यांच्या वेळा बघणारा कंट्रोलर धावत आला. त्याला आम्ही सगळे 'घड्याळ' म्हणतो; बस जरा उशिरा आली की याचा चेहरा पडतो. रॅकवर त्याचा पहिल्यापासून दात. "झालं," तो म्हणाला, पण आवाजात समाधान मावत नव्हतं. "आता उद्या काय दाखवणार? मी बाईंना कळवतो, रॅक मोडला, विषय संपला."

"उद्या माझी गाडी सुटताना रॅक नसेल तर कळवा," मी म्हणाले. "तोवर तोंड उघडलंत तर बघा."

"अहो, वर्कशॉपवाले हात लावणार नाहीत त्याला. कंपनीकडून नवा भाग येईल तेव्हा येईल."

"तुम्हाला सुटताना रॅक दिसला म्हणजे झालं ना?"

घड्याळाने खांदे उडवले. मी फिटरला गाठलं, त्याच्या मिनतवाऱ्या केल्या आणि रॅक सोडवून घेतला. टेकडीच्या पुढच्या बसमध्ये मी ते धूड घेऊन चढले. कंडक्टर बाई म्हणाली, "यांचं तिकीट अर्धं घेऊ का पूर्ण?" एरवी मी हसले असते. तेव्हा म्हटलं, "गप बस गं."

घरी आधी सासूबाईंना दाखवलं. त्यांनी तुटलेल्या बिजागरीवरून बोट फिरवलं. मला एक शब्द लावून बोलल्या नाहीत, आणि त्यानेच मला रडू फुटलं.

"डोळे पूस," त्या म्हणाल्या. "लोखंडच आहे, जोडलं जातं."

"मग चला ना, त्यांना सांगू. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील."

"मी नाही सांगणार. करार त्याच्याशी आहे. आता त्याच्याचकडे हात पसरू? तुझ्याकडून मोडलं, तू सांग." पेटी मात्र त्यांनी समोर ओढली, उघडली, आणि पाने तेलाच्या फडक्याने पुसायला लागल्या, उद्या कामाला जायचंच आहे असं समजून.

नवऱ्याच्या दुकानात शिरले तेव्हा तो शटर ओढायच्या बेतात होता. रॅक मी त्याच्या टेबलावर धाडकन टाकला.

"अहो, हा आज जोडून द्या."

त्याने रॅककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे मी काहीच केलं नाही, तर उद्यापासून आई घरी?"

"हो."

"मग मी का जोडू? तिचे गुडघे तुला दिसत नाहीत?"

"दिसतात! रोज मीच तेल लावते त्यांना. पण पेटी माळ्यावर गेली की त्या किती दिवस ताठ राहतील, ते तुम्ही सांगा. आणि उद्या जो निकाल लागायचा तो लागू दे. तुम्ही नुसते हात बांधून बसून जिंकू नका. लाज वाटेल तुमची मला."

  नवऱ्याने रॅक उलटा केला, दिव्याखाली धरला, आणि त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"हे वेल्डिंग कोणी केलंय?"

"मला काय माहीत?"

"नुसतं वरवर चिकटवलंय. आणि ही पट्टी बघ, पापडासारखी. भिंतीला नसता लागला तरी एक दिवस रस्त्यात सुटला असता. सायकलीसकट!" त्याने दुकानाचं शटर पुन्हा वर केलं. "हो बाजूला. डोळे झाक."

ठिणग्या उडायला लागल्या तशी मी बाहेर पायरीवर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी फिटरने रॅक चढवला. घड्याळ येऊन दोनदा वाकून बघून गेला. दुपारनंतरच्या फेरीला मॅनेजरबाई पुढच्या सीटवर बसल्या, घड्याळ त्यांच्या शेजारी. आणि त्यांच्या मागे माझा नवरा! दुकान बंद ठेवून आलेला. म्हणाला, "माझं काम टिकतंय का बघायला आलोय." मी म्हटलं, तिकीट काढा.

टेकडीच्या पायथ्याच्या स्टॉपवर सासूबाई सायकल धरून उभ्या होत्या. दिवसाचं काम उरकून आलेल्या, घामेजलेल्या. दार उघडलं. सुटं सामान रॅकवर चालत नाही, म्हणून त्यांनी आधी पेटी आत माझ्या सीटजवळ ठेवली आणि मग गाडीच्या पुढे गेल्या. घड्याळाने मनगट वर केलं. नवरा ताडकन उठून दाराशी आला.

मी दार लावून टाकलं.

"अगं, उघड! तिला उचलवणार नाही."

"हा स्टॉप तुमचा नाही. जागेवर बसा."

"आई आहे ती माझी!"

"आणि गाडी माझी आहे. बसा म्हटलं ना!"

 काचेतून आम्ही सगळे बघत होतो. सासूबाईंनी रॅक खाली ओढला, पुढचं चाक उचलून खोबणीत टेकवलं, मागचं चाक ढकललं, वरचा आकडा चाकावर लावला आणि एकदा सायकल हलवून बघितली. हलली नाही. मग मला हाताने खूण केली, झालं, आणि मी दार उघडलं. वर चढून त्या मॅनेजरबाईंना म्हणाल्या, "जरा सरकता का? गुडघा दुखतो माझा."

मॅनेजरबाई सरकल्या. घड्याळाला म्हणाल्या, "यांच्या सायकलीपेक्षा मागच्या स्टॉपवर एक गृहस्थ दारात सुट्टे पैसे शोधत उभे होते, त्यालाच जास्त वेळ लागला." चढ संपत आला तेव्हा त्यांनी सांगून टाकलं, "राहू दे हा रॅक. दुसऱ्या गाड्यांनाही लावून बघू. पण एवढा मजबूत पाहिजे."

 वरच्या स्टॉपवर नवरा आधी उतरला आणि सासूबाईंनी सायकल काढेपर्यंत हात पाठीमागे घट्ट धरून उभा राहिला. बोटं पांढरी पडली होती त्याची, पण हलला नाही.

"बघत काय राहिलास? पेटी आण," सासूबाई म्हणाल्या.

त्याने माझ्या सीटजवळची पेटी उचलली आणि वाकलाच. "आई, एवढी जड? रोज?"

"पहिल्यापासून एवढीच आहे. तू लहान असताना वर तुलाही बसवायची."

तो पेटी धरून तसाच उभा. मग त्याने ती कॅरिअरवर ठेवली, दोरी ओढून बांधली, सोडली, पुन्हा बांधली. "दोरी पार झिजलीय ही," तो म्हणाला. "उद्या निघायच्या आधी नवी आणून देतो."

संध्याकाळी डेपोत जुनी जागाच रिकामी होती. गाडी आत घेतली आणि भिंतीपासून चांगली हातभर लांब थांबवली. पलीकडून लगेच कोणीतरी ओरडलं, "काय हो, भिंतीला लाजलात की काय?"

"नाही," मी म्हटलं. "मधली जागा माझ्या सासूची आहे."