पंचफुलाच्या हातचं पाणी

"पट्टी तुटली तर जोडायची, नीले. दोन चौकटींच्या वर कापायचं न्हाई. कापलेलं माणूस पडद्यावर परत येत न्हाई."

टुरिंग टॉकीजवाल्या मन्मथअप्पांनी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी बायकोच्या हातात ब्लेड देऊन हे सांगितलं होतं. नीलाबाईनं ते रोजच्या लिंगपूजेसारखं पाळलं.

लातूर जिल्हा होऊन वर्ष भरत आलं होतं आणि पाऊस तर त्याच्याही आधीपासून रुसलेला. त्या उन्हाळ्यात चाकूरच्या अलीकडे एका गावात त्यांचा तंबू पडला. त्यांच्या मालकीचा सिनेमा एकच, तीसेक वर्षांपूर्वीचा, काळापांढरा. राजवाडा सोडून अनवाणी निघालेल्या शिवभक्त राणीची गोष्ट. त्यातल्या नटीला लोक राणीअव्वा म्हणत. किती रंगीत सिनेमे आले नि गेले, पण राणीअव्वानं मान वळवून बघितलं की म्हाताऱ्याकोताऱ्या अजून पदर सावरून बसत. दुष्काळात सोमवारचा खेळ म्हणजे पावसाचा नवसच. चपला तंबूबाहेर, पडद्यापुढं नारळ.

त्या सोमवारी दुपारीच कंधारची पंचफुला तंबूशी आली. पंचेचाळिशीची, लेकीकडं पाहुणी म्हणून बौद्धवस्तीत उतरलेली.

"अप्पा, त्यात मी हाय. बापासंगं कोल्हापूरला कामाला गेल्ते. घागर देऊन उभं केलं मला. तुमची राणी माझ्या हातचं पाणी प्याली. तीनदा. फोटूवाल्याला नीट दिसंना म्हणून."

"देवी पावली की मग तुला," नीलाबाई हसली.

"मी देवीला हात जोडत न्हाई, अक्का. पण ती बाई खरंच तहानलेली होती. कंधारात कुणी खरं मानीत न्हाई बगा."

"पौर्णिमेला कंधारात तुझ्या गल्लीत पडदा बांधतो," मन्मथअप्पा म्हणाले. "शब्द माझा."

दिवस मावळला. सोमवारी मावळतीपासून सकाळच्या पूजेपर्यंत नीलाबाईचं मौन असे. खेळ सुरू झाला. सातव्या रिळात राणीअव्वानं ओंजळ धरली आणि एका पोरसवदा मुलीनं घागर कलती केली.

"ती बगा माझी माय!" पंचफुलाची लेक ओरडली.

पुढं खुर्चीवर अमृतराव बसलेले. गावातली एकच जिवंत विहीर त्यांची. तिथं वस्तीच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन दुसऱ्या कुणी पाणी शेंदून घालायची वाट बघत ताटकळत. अंधारातून कोणीतरी म्हणालं, "अमृतराव, राणीअव्वाला चालतंय की. तुमच्या हिरीलाच काय विटाळ झाला?"

सगळा तंबू हसला. पुरुषसुद्धा हसले. तेच नडलं.

अमृतरावांच्या माणसांनी पंचफुलाला झिंज्या धरून ओढलं. काठी डोक्यात बसली आणि रक्त डोळ्यांत उतरलं. वस्तीच्या बायकांनी तिला कनातीखालून बाहेर काढलं नसतं तर ती तिथंच संपली असती. मग सगळे मशीनकडं वळले.

"तेवढा तुकडा काप. माझ्यासमोर जाळ," अमृतराव म्हणाले.

"न्हाई कापत," मशीनपाशी उभे अप्पा म्हणाले.

चौघांनी मन्मथअप्पांचा उजवा हात रिळाच्या पेटीवर दाबला. खुंट्या ठोकायचा हातोडा एकदा पडला. दुसऱ्यांदा पडला तेव्हा वाळलेली तुऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला. अप्पा गुरासारखे हंबरले. नीलाबाईच्या तोंडाला रक्ताची चव आली. तिनं स्वतःचाच ओठ चावला होता.

"आता डावा ठेवा," अमृतराव म्हणाले.

ती उठली. सातवं रीळ उचललं, ब्लेड घेतलं. पेट्रोमॅक्सच्या उजेडात नखाएवढी चित्रं सरकू लागली. घागर घेतलेली पंचफुला आली. ती तिनं पुढं जाऊ दिली. मागून राणीअव्वा एकटीच आली, हात जोडलेली, हनुवटीवर पाण्याचे थेंब. नीलाबाईनं डोळे मिटून गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि तिथून हातभर पट्टी कापली.

"हाच का तो?" अमृतरावांनी विचारलं. ती खाली बघत राहिली.

"सोमवारचं मौन हाय तिचं," एकजण म्हणाला. "नेमाची बाई हाय, फसवायची न्हाई."

अमृतरावांनी काडी लावली. जुनी पट्टी भक्कन पेटली, त्यांची बोटं घेऊनच. जळता तुकडा खाली पडला. माणसं तो विझवायला पायांनी तुडवू लागली. चपला तर नेमानं बाहेर काढलेल्या. तळवे भाजून निघाले, तरी राणीअव्वाला तुडवणं थांबलं नाही.

लातूरच्या दवाखान्यात मन्मथअप्पांनी चौथ्या दिवशी विचारलं, "किती कापलंस?"

"हातभर. राणीअव्वा कापली."

 अप्पा म्हणाले, "ती परत आठव्या रिळात येती. पंचफुला एकदाच येती."

पौर्णिमेला पहाटे नीलाबाईनं पूजा केली, अप्पांना चमच्यानं चहा पाजला. जोड नीट बसलाय का, म्हणून पट्टीवरून एकदा बोट फिरवलं. मशीन, इंजिन आणि पडदा चढवलेली जीप दवाखान्याच्या दाराशी उभी होती. सातवं रीळ मांडीवर घेऊन ती पुढं बसली आणि ड्रायव्हरला हळूच म्हणाली, "कंधार."